पिशवी काढलेली बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — तुकड्यातुकड्यानं काही जणांना ठाऊक आहे. मालकांना निम्मं माहीत आहे. माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, त्याहून बरंच जास्त. पण सगळं एका जागी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. तुम्हीच पहिले. जरा ऐसपैस बसा, कारण मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. तसं येता आलं असतं तर एवढी वर्षं गेलीच नसती.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे तुम्ही माझी कीव करायला लागणार नाही. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढं आमचं गाव. जमीन बऱ्यापैकी, कापूस आणि ऊस. मी घरातली थोरली सून. पाच वर्षं गावची सरपंच होते. बायकांसाठी जागा सुटली म्हणून मला उभं केलं होतं. सगळ्यांना वाटलं, कारभार मालक बघतील आणि ही सह्या करील. पहिल्याच बैठकीत मी मालकांना म्हटलं, तुम्ही घरी जा, गाईला पाणी दाखवायचं राहिलंय. ते गेले. त्या दिवसापासून गावात माझा शब्द चालतो. मी मोठ्यानं बोलते, मोठ्यानं हसते, भांडणाला भीत नाही. ही फुशारकी नाही. माझा शब्द चालतो, हेच या सगळ्याचं मूळ आहे — म्हणून सांगितलं.

सरपंच व्हायच्या कितीतरी आधीपासून मी गावातल्या बायकांना कुटुंब नियोजनाच्या शिबिराला न्यायचे. तेव्हा पद नव्हतं, पण तोंड सरपंचाचंच होतं. दोन लेकरं झाली की मी त्या बाईच्या दारात उभी. सासू कुरकुरली तर सासूला ऐकवायचं, नवरा आडवा आला तर नवऱ्याला. जीप भरून बायका न्यायच्या आणि संध्याकाळी एकेकीला धरून उतरवायचं. सुमनलाही मीच नेलं. तिला दुसरा मुलगा झाला होता, ती जेमतेम तेविशीची, भेदरलेली. मी तिचा हात धरून म्हटलं होतं, एकदा ऑपरेशन झालं की जन्माची निश्चिंती. तिनं मान हलवली आणि आत गेली.

आणि मी? मला एक मुलगी, एक मुलगा. माझंही खरं तर तिथंच व्हायला हवं होतं. पण मला सुरीची भीती वाटायची. हो, मला! अख्ख्या गावाच्या बायका टेबलावर झोपवणाऱ्या मला. मी तांबी बसवून घेतली आणि गावाला सांगितलं की माझं रक्त कमी भरतं म्हणून डॉक्टरीणबाईंनीच ऑपरेशन नको म्हटलं. ही पहिली लबाडी. खरं सांगू का, हिच्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. तांबीची मुदत संपली की जाऊन बदलून आणायची, एवढंच काम होतं. शेवटची बदलायला मात्र मी विसरले. सरपंचकीची धावपळ होती, आणि चाळिशी उलटलेली. या वयात काय व्हायचंय, असं मनात कुठंतरी धरून बसले होते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली. मला आनंद झाला. सुटले एकदाची, असं वाटलं. अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, सकाळी मळमळायचं, जेवणावर वासना नसायची — सगळं मी त्या जाण्याच्या खात्यावर टाकलं. माझी लेक तेव्हा पहिलटकरीण होती, सातवा लागला होता, बाळंतपणाला माहेरी यायची होती. मी तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांचं सामान काढत होते आणि वासानंच मला उलटी झाली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दोन बाळंतपणं काढलेली बाई मी, आणि मला तीन महिने कळलं नव्हतं.

संभाजीनगरला गेलो, मी आणि मालक. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून गेवराई सोडली, बीडही सोडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, वय वाढलं की दिवस राहायची शक्यता कमी होते, पण पाळी पुरती बंद होऊन वर्ष जाईपर्यंत ती संपत नाही. पाळी मागंपुढं व्हायला लागली म्हणून बायका गाफील राहतात. तुमच्या तांबीची तर मुदतच संपली होती. मी हटवादी, मी विचारलं — मग ऑपरेशन केलं असतं तर हे झालं नसतं ना? त्या म्हणाल्या, बहुतेक नसतंच झालं. पण क्वचित ऑपरेशननंतरही राहतात, कधीकधी पुष्कळ वर्षांनी. बांधलेली नळी पुन्हा वाट काढते. मालक तेव्हा बाहेर औषधांच्या दुकानात होते. हे वाक्य फक्त मी ऐकलं. हे लक्षात ठेवा.

ते मूल मी ठेवलं नाही. लेकीच्या डोहाळजेवणात आईनंही पोट झाकत फिरायचं? माझी हिंमत झाली नाही, आणि इच्छाही नव्हती. त्याबद्दल मी इथं कबुली देत नाही. तो माझा निर्णय होता, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोच घेईन. माझा गुन्हा दुसराच आहे. मी त्याच्याभोवती फिरतेय, मला कळतंय.

घरी आल्यावर काय सांगायचं? ते वाटेतच ठरलं होतं. पिशवी काढली. आमच्या भागात एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. ऊस तोडायला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या तिशी-पस्तिशीतच गेल्या — का गेल्या, कुणी काढायला लावल्या, तो माझ्या गोष्टीहून फार मोठा अन्याय आहे. पण त्यामुळं आमच्याकडे ‘पिशवी काढली’ हे वाक्य ‘दाढ काढली’ इतकं साधं झालंय. मी त्या बायकांच्या दुःखाआड जाऊन लपले. टाके कुठं दिसत नाहीत, असं बायका म्हणाल्या तेव्हा खालून काढली म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर कामाला जाऊ दिलं नाही. जावेनं, सुमननं, माझं सगळं केलं. डोक्याला तेल, पायाला तेल, गरम भाकरी. मी आरामात करून घेतलं.

आता गंमत बघा. पिशवी काढलेल्या बाईला पाळी येत नाही. मला तर तीन महिन्यांत परत सुरू झाली, चांगली ठणठणीत. आमच्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची पद्धत. आत्याबाई त्या बाबतीत फार कडक. देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही, स्वयंपाक दुसरीनं करायचा. मी बाजूला बसले असते तर खोटं त्याच दिवशी उघडं पडलं असतं. मग काय करायचं? मी त्या दिवसांत देवघरात गेले, दिवा लावला, लोणचं काढलं. पहिल्यांदा देवाची मनात माफी मागितली. दुसऱ्यांदा नाही. लोणचं काही नासलं नाही. उलट आत्याबाईंनी माझं वजन वाढवलं — थोरली आता कायमची मोकळी, असं म्हणत महालक्ष्म्यांचा सगळा सोवळ्याचा स्वयंपाक माझ्यावर सोपवला. सुमनची पाळी नेमकी सणात यायची, ती बाहेरच्या पडवीत गोधडी टाकून बसायची, आणि मी आत पुरण वाटत असायचे. कितीदा आम्ही दोघी एकाच अवस्थेत होतो — ती बाहेर, मी आत. मला मनातल्या मनात हसू यायचं. हसू, हो.

एका महालक्ष्म्यांना मात्र तसं झालं नाही. त्या वर्षी सुमन मोकळी होती, वाढायला होती. घरात गावभरच्या सवाष्णी जेवायला बसलेल्या. मी आमटीचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरत होते. अचानक सुमनच्या हातून तांब्या निसटला आणि माझी मागची साडी कमरेपासून खाली भिजली. मी सगळ्या पंगतीसमोर तिच्यावर खेकसले. डोळे फुटलेत का, देवाच्या दिवशी असा वेंधळेपणा, असं बरंच काही. ती खाली मान घालून म्हणाली, चुकलं आक्का, तुम्ही साडी बदला. मी पाय आपटत आत गेले. साडी सोडली आणि पाहिलं. मागं तळहाताएवढा डाग होता. पाण्यानं तो पसरून फिका झाला होता, एवढंच. मी दुसरी साडी नेसून परत पंगतीत आले. जेवणं उरकल्यावर खोलीत जाऊन बघते तर ती साडी तिथं नव्हती. मागच्या दोरीवर वाळत होती, स्वच्छ.

सुमन त्यावर एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मीही नाही. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. तिचे आभार मानायला काय झालं होतं मला? काही झालं नव्हतं. मला तिचा राग यायला लागला, हे खरं आहे. जिला आपलं गुपित माहीत असतं तिच्यासमोर रुबाबात वावरणं जड जातं. मी तिच्या भाकरीला नावं ठेवायला लागले. ती दुसरी थापायची.

पुढच्याच हिवाळ्यात ती माझ्याकडे आली. मी गव्हाला ऊन दाखवत अंगणात बसले होते. ती शेजारी बसून गहू निवडायला लागली आणि हळूच म्हणाली, पाळी दोन महिने झाले आली नाही. ती एक्केचाळीसची. मी म्हटलं, जायचं वय झालंय, जाईल आता, चैन कर. ती म्हणाली, मळमळतं पण. मी म्हटलं, होतं तसं.

थांबा. इथं मला शंका आली नव्हती का? आली होती. दुसऱ्या कुणा बाईला नसती आली, पण मला आली होती. तोच वास नकोसा होणं, तीच मळमळ. गेवराईला नेऊन एक लघवीची तपासणी केली असती तर दोन महिन्यांतच कळलं असतं, काय करायचं ते तिला तिच्या मनानं ठरवता आलं असतं. पण तपासून घे म्हटलं असतं तर ती विचारणार — ऑपरेशन झालेलं असताना कशाला? आणि मग मला कुठून माहीत, तेही आलंच. मी गव्हातला खडा काढून फेकला आणि विषय बदलला.

पाचवा महिना संपत आला तेव्हा पोट दिसायला लागलं. आत्याबाईंना वाटलं गाठ आहे. गेवराईला सोनोग्राफी केली. गाठ नव्हती.

तिचा नवरा, माझा दीर नामदेव, माजलगावकडच्या साखर कारखान्यावर कामाला. हंगाम चालू झाला की दिवसरात्र पाळ्या, पंधरा दिवसांनी, महिन्यानं एखादा मुक्काम घरी. ऑपरेशनला अठरा वर्षं झालेली. दोन मुलं मिसरूड फुटलेली. गावाला एवढं पुरे. संशयाला माणूस लागत नाही, नुसती मोकळी जागा लागते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की क्वचित असं होतं, घरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये. पण त्या डॉक्टरांना आमच्या घरात ओळखतं कोण?

नामदेव आला त्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळे बसलो होतो. आत्याबाई बाजेवर. मालक खांबाला टेकून सुपारी कातरत. नामदेव पायरीवर, पायातले बूटही न काढता. सुमन आतल्या दाराशी उभी, हातात पिठाची परात तशीच धरलेली. मी मधे, माझ्या खुर्चीत. आत्याबाई म्हणाल्या,

“त्या डाक्टरला काय जातंय बोलायला. आपली थोरली हाय की. तिनं आख्ख्या गावाच्या बाया नेल्यात. सांग गं, आप्रेशन झाल्यावर दिवस राहत्यात का?”

नामदेवनं मान वर केली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ‘हो’ ऐकायचं होतं — कुणीतरी, ज्याचं तो मानतो अशा कुणीतरी, हो राहतात म्हणावं म्हणून तो माजलगावाहून आला होता. तो एवढंच बोलला.

“वैनी, तुमी म्हणाल ते.”

किती वेळ गेला असेल? फार नाही. पण तेवढ्यात मी सगळा हिशोब केला. हो म्हटलं तर आत्याबाई विचारणार, कुणाचं झालं असं? तुला कुणी सांगितलं? मग संभाजीनगर. मग पिशवी. मग देवघर, महालक्ष्म्या, सवाष्णींची पंगत, मी विटाळात रांधलेलं पुरण. गाव हसणार. सरपंचीणबाईला म्हातारपणी डोहाळे लागले होते म्हणणार. मालक सुपारी कातरायचे थांबले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी भ्याले, असं म्हणू का? भिणारी बाई मी नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलंय. मला माझं नाव प्यारं होतं. तिच्या संसारापेक्षा प्यारं होतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “तसं होत नसतं.”

नेहमीच्या आवाजात म्हणाले. ग्रामसभेत बोलते त्या.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता ही बोलणार, मला वाटलं. आक्का, तुमची पिशवी कुठाय ते सांगा, एवढं म्हणाली असती तरी सगळं तिथंच फिरलं असतं. ती शिकलेली नव्हती पण मुकीही नव्हती. तिच्या हातात माझी अख्खी अब्रू होती आणि तिची स्वतःची मातीत चालली होती. तिनं परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि आत गेली. दुपारच्या एसटीनं ती परळीला, भावाकडे गेली. तिच्याबरोबर एक पिशवी होती, कापडाची. नामदेव तिला सोडायला थांब्यापर्यंतही गेला नाही. मुलांनी बापाची री ओढली.

तिला तिथं मुलगी झाली. निरोप आला तेव्हा आत्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि कुणी गेल्यासारखी आंघोळ केली. मी त्यांना पाणी काढून दिलं.

त्यानंतर मला बोलायला जागा नव्हती असं नाही. पुष्कळ होती. आत्याबाई गेल्या, तेव्हा बोलता आलं असतं. नामदेव दारू प्यायला लागला, मग सुटली, मग नुसता गप्प झाला — तेव्हाही. दर वेळी मी म्हणायचे, आता बोलून काय उपयोग, घडी बसलीय. कुणाची बसली होती? माझी.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात सुमनच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. नवरदेवाची आई नाही. म्हणजे आहे, परळीत, पण मांडवात नाही. वरमाय म्हणून कोण बसणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसले. तिथंही नाही म्हणता आलं असतं, आणि तिथं मात्र मी हो म्हणाले. चौरंगावर बसवून विहीणबाईंनी माझे पाय दुधानं धुतले, पुसले, कुंकू लावलं, ओटी भरली, अंजिरी रंगाची भरजरी साडी दिली. विहीणबाई साधी बाई. पाय धुताना म्हणाल्या, तुम्ही आईची माया दिली म्हणून पोरगं असं गुणाचं झालं. माझे पाय तिच्या हातात होते. मी मागं घेतले नाहीत.

ती साडी मला नेसवेना. तीन महिने कपाटात राहिली. त्याच सुमारास माझी पाळी बंद होऊन वर्ष उलटलं, म्हणजे ती खरंच गेली. म्हणजे इतकी वर्षं जे खोटं सांगत आले ते आता आपोआप खरं झालं. आता कुठला डाग पडायचा नव्हता, कधीच काही उघडं पडायचं नव्हतं. मी पुरती सुरक्षित झाले, आणि तेव्हाच मला ते सहन होईना. का, ते मला नीट सांगता येत नाही.

साडी घेऊन परळीला गेले. मालकांना सांगितलं वैद्यनाथाला जाऊन येते. सुमन भावाच्या घरामागं दोन खोल्यांत राहते, कामगारांचे जेवणाचे डबे करते. मी गेले तेव्हा ती दोरीवरचं धुणं काढत होती. तिथं थर्मलच्या वीजकेंद्राची राख उडते. ती प्रत्येक कपडा दोनदा झटकून मग घडी घालत होती. मला बघून दचकली नाही. बसा म्हणाली. मुलगी शाळेतून आली, मला कोण म्हणून विचारलं, सुमननं सांगितलं थोरल्या आई आहेत. ती पाया पडली आणि खेळायला गेली. मी तिचा तोंडवळा न्याहाळत होते. सुमनवर गेलीय, दुसऱ्या कुणावरच नाही. पुरावा शोधत होते का मी? मला कशाला हवा होता पुरावा?

मग मी सांगितलं. तांबी, संभाजीनगर, डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य. गहू निवडताना आलेली शंकासुद्धा सांगितली. ती घड्या घालत राहिली. पिशवीचं सांगायला लागले तेव्हा म्हणाली, ते मला ठावं हाय की आक्का, तांब्या काय उगाच सांडला होता?

“मग त्या दिवशी बोलली कावून न्हाईस?” मी विचारलं.

तिनं हातातला टॉवेल झटकला. परत झटकला.

“तुमी बोलाल म्हणून थांबले होते.”

तिनं चहा केला. मी साडी पुढं ठेवली, तुझीच आहे म्हटलं, वरमायची. तिनं पदर उलगडून पाहिला, काठावरून हात फिरवला आणि कपाटात ठेवून दिली. निघताना मी विचारलं, घरी सगळ्यांना सांगू का? ती म्हणाली, सांगायचं तर तुमच्यासाठी सांगा, माझ्यासाठी नको, माझं चाललंय. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तर हे सुमनसाठी नाही. तिनं तसं बजावलंय आणि तिचं एकदा तरी मला ऐकायला हवं. हे छापून आलं की नामदेव वाचील. तिची मुलं वाचतील, नवी सून वाचील. ज्यांनी माझ्या हातचं पुरण खाल्लं त्या सवाष्णी वाचतील. ज्यांना मी जीपमध्ये घालून शिबिराला नेलं त्या वाचतील. त्यांनी केलं ते योग्यच केलं, आणि तरीही त्यांच्यातल्या एखादीची पाळी चाळिशीनंतर चुकली तर तिनं आधी तपासून घ्यावं. नामदेव उद्या माझ्या दाराशी येऊन उभा राहील. राहू दे. मी घरीच आहे.

तांबी असताना दिवस राहतात. ऑपरेशन झाल्यावरही राहतात. चाळिशी उलटली तरी राहतात. हे मला माहीत होतं. मला, सगळ्यांसमोर, विचारलं होतं. आणि मी न्हाई म्हणाले.